दाराची किंमत : सेबीच्या अध्यक्षांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. श्री. तुहिन कांत पांडे,
अध्यक्ष, भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
मुंबई



शेअर ही नेमकी कोणत्या प्रकारची मालमत्ता आहे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच्या पहिल्याच वर्षी गेला, आणि तो निघाला सोलापूरच्या एका गिरणीवरून. गावात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांच्या हाती दिला आणि काही महिन्यांतच त्या वटहुकमाचा कायदा केला. कोणाचाही शेअर जप्त झाला नाही. कागद ज्याच्या त्याच्या कपाटात राहिले. गेला तो संचालक निवडण्याचा, स्वतःच्या मर्जीने ठराव करण्याचा आणि कंपनी गुंडाळा म्हणून न्यायालयात जाण्याचा हक्क. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने याला आव्हान दिले, तेव्हा डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने याचिका फेटाळली. शेअर तुमच्याच नावावर आहे, लाभांशाचा हक्क आहे, विकायची मुभाही आहे. मग घेतले काय, असा त्या निकालाचा आशय. पुढे सरकारी संचालकांनी १०० रुपयांच्या अग्रहक्क शेअरवर भरायचे राहिलेले ५० रुपये मागितले आणि द्वारकादास श्रीनिवास हे भागधारक त्याविरुद्ध उभे राहिले. डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. नाव मालकाचे ठेवून मालकीतला गाभा काढून घेतला, तर तेही घेणेच होय, आणि घेतल्यास भरपाई द्यावी लागते, असे या वेळी न्यायालयाने मानले. या आणि अशा निकालांना उत्तर म्हणून संसदेला १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती करावी लागली.

हे जुने प्रकरण आपल्यापुढे ठेवण्याचे कारण असे की, एखादी कंपनी शेअर बाजाराच्या यादीतून आपले नाव काढून घेते तेव्हा मागे उरलेल्या भागधारकाचे साधारण असेच होते. डीमॅट खात्यात आकडा तोच दिसतो, लाभांश जाहीर झाला तर मिळतो, सभेची नोटीसही येते. फक्त कामाच्या कोणत्याही दिवशी, सगळ्यांना दिसणाऱ्या भावाला, कोणाची परवानगी न घेता विकून मोकळे होण्याची सोय जाते. मोठ्या मालकाला ही सोय किरकोळ वाटेल. त्याच्याकडे मताधिकार आहे, संचालकांच्या खुर्च्या आहेत. शंभर-दोनशे शेअर असलेल्या माणसाचे मत सभेत मोजण्याइतके नसते. कारभार पटला नाही तर विकून बाहेर पडणे, हाच त्याचा एकमेव प्रभावी हक्क. या सोयीला मी दार म्हणतो. शेअर प्रथम विकताना कंपनीने जी किंमत घेतली तीत या दाराची किंमत धरलेली होती, कारण दार नसलेला शेअर त्या भावाला कोणी घेतला नसता. म्हणून दार बंद करणाऱ्याने मोबदला द्यावा, हे तत्त्व आपल्या मंडळाने २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून मानले आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. दार कोणत्या दिवशी लावायचे हे लावणारा ठरवतो, त्यामुळे मोबदल्याची सगळी रक्कम त्याच दिवशी ठरवली तर ती एका बाजूला कललेली असते. तिचा काही भाग नंतर, कंपनीचे खरे मोल उघड झाल्यावर ठरावा.

कंपन्या बाहेर का पडतात, हे आधी प्रामाणिकपणे मांडायला हवे, कारण या विषयावर सगळेच प्रवर्तक लुटारू असल्यासारखे बोलण्याची आपल्याकडे सवय आहे. जून २०१० मध्ये सरकारने नियम बदलून प्रत्येक सूचिबद्ध खासगी कंपनीत किमान २५ टक्के शेअर जनतेकडे हवेत असे ठरवले आणि २०१३ पर्यंत मुदत दिली. परदेशी पालक कंपन्यांपुढे त्यामुळे दोनच वाटा उरल्या: आपला हिस्सा कमी करा, नाहीतर सगळाच घ्या. पुण्यातील ॲटलास कॉपको आणि अल्फा लावल यांनी दुसरी वाट धरली. आपले तंत्रज्ञान, आपले नाव आणि आपलीच गिऱ्हाइके असताना भारतातल्या थोड्या भागधारकांसाठी दर तिमाहीला हिशेब का मांडायचा, पालक कंपनीशी होणाऱ्या व्यवहारांना त्यांची संमती का मागायची, असे त्यांना वाटले तर त्यात गैर काही नाही. लहान कंपन्यांची अडचण वेगळी. वार्षिक शुल्क, तिमाही निकाल, स्वतंत्र संचालक, कंपनी सचिव, प्रत्येक घडामोडीचे वेळेत प्रकटन, हा खर्च उलाढाल कमी असली म्हणून कमी होत नाही. बाजारातून पुन्हा भांडवल उभारायचेच नसेल आणि शेअरचे सौदेही तुरळक होत असतील, तर नोंदणी म्हणजे नुसता खर्च उरतो. तिसरे कारण पैशाच्या प्रवाहाचे. मूळ कंपनीवर कर्ज असते, रोकड उपकंपनीत खेळत असते. ती पूर्णपणे आपल्या हाती आली तर कर्ज फेडणे सोपे जाते. आणि एक कारण कोणीच अर्जात लिहीत नाही: मालकाला कंपनी आतून माहीत असते, बाजाराला बाहेरून, आणि बाजाराने लावलेला भाव फारच कमी आहे असे मालकाला वाटते तो दिवस बाहेर पडायला सर्वांत चांगला.

या शेवटच्या कारणावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे, आणि त्याला पुरावा २०२० या वर्षाचा. करोनाने बाजार कोसळलेला असताना दोन मोठे प्रस्ताव आले. पहिला नवी मुंबईच्या हेक्सावेअर या सॉफ्टवेअर कंपनीचा. नियमाने निघणारी किमान किंमत २६४.९७ रुपये होती आणि प्रवर्तकांनी सुचवली २८५. तेव्हा उलट बोलीची पद्धत सक्तीची होती. म्हणजे भागधारकांनी आपापला भाव सांगायचा आणि ज्या भावाला प्रवर्तकांचा हिस्सा ९० टक्क्यांवर पोहोचतो तो सगळ्यांना द्यायचा. या बोलीतून भाव निघाला ४७५ रुपये. प्रवर्तकांनी तो मान्य केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नाव यादीतून गेले. पुढच्याच वर्षी कंपनी सुमारे ३ अब्ज डॉलरला कार्लाइल या गुंतवणूकदाराकडे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती ७०८ रुपयांनी पुन्हा बाजारात आली आणि ८,७५० कोटी रुपयांची ती सगळी विक्री जुन्या शेअरची होती. त्यातला रुपयाही कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. शिवाय मधल्या काळात शेअरची विभागणी झालेली असल्याने ४७५ आणि ७०८ यांत दिसतो त्याहून खरा फरक बराच मोठा आहे.

आता आपल्या मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेला पर्याय याच उदाहरणावर लावून पाहू. नियमित सौदे होणाऱ्या शेअरसाठी प्रवर्तकाला उलट बोली टाळून किमान किमतीवर निदान १५ टक्के वाढीव अशी ठरावीक किंमत देता येते. २६४.९७ वर १५ टक्के म्हणजे ३०५ च्या आसपास. तेवढ्याला ९० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला असता की नाही हे कोणी सांगू शकत नाही, पण बोलणी ३०५ पासून सुरू होणे आणि ४७५ ला संपणे यांतले अंतर लहान भागधारकांना बोलीने मिळवून दिले होते, एवढे निश्चित. किमान किंमत काढायची सूत्रे बहुतांशी मागे वळून पाहणारी आहेत: गेल्या ६० दिवसांची सरासरी, गेल्या २६ किंवा ५२ आठवड्यांत मोजलेला भाव. समायोजित पुस्तकी मूल्याची नवी अट चांगली आहे, पण सॉफ्टवेअर किंवा औषधांच्या कंपनीचे मोल पुस्तकात कुठे मावते? भाव पडलेला असताना मागे पाहणारे सूत्र पडलेलाच भाव दाखवणार, आणि तो दिवस निवडण्याची मुभा एकाच पक्षाला.

दुसरा प्रस्ताव वेदांता या धातू उद्योगातल्या कंपनीचा. मे २०२० मध्ये ८७.५० रुपये सुचवले गेले. ऑक्टोबरमध्ये बोली झाली, हवे होते सुमारे १३४ कोटी शेअर, ग्राह्य धरले गेले सुमारे १२५ कोटी, आणि बेत फसला. आयुर्विमा महामंडळाने ३२० रुपये मागितले होते, तेव्हा त्याला हट्टी म्हणणारे बरेच होते. पुढे धातूंचे भाव चढले. २०२२-२३ या एका आर्थिक वर्षात वेदांताने शेअरमागे १०१.५० रुपये लाभांश जाहीर केला. म्हणजे जो शेअर ८७.५० ला देऊन टाका असे सांगितले जात होते, त्याने तीन वर्षांच्या आत, शेअर हातात ठेवून, एका वर्षाच्या लाभांशातच त्याहून अधिक दिले. धातूंची तेजी मे २०२० मध्ये कोणाला दिसत होती, असे कोणी विचारील. नव्हतीच दिसत, प्रवर्तकांनाही नाही. म्हणूनच त्या दिवशी अचूक किंमत काढण्याचा अट्टहास सोडा, असे मी म्हणतो. ज्या गोष्टीचे मोल त्या दिवशी दोन्ही बाजूंना ठाऊक नसते, तिचा पूर्ण सौदा त्याच दिवशी करण्याची सक्ती फक्त दुबळ्या बाजूवर का?

उपाय नवा शोधायचीही गरज नाही. त्याचे बी आपल्याच नियमावलीत आहे. ताबा घेण्याच्या २०११ च्या नियमांत अशी तरतूद आहे की, खुला प्रस्ताव संपल्यानंतर २६ आठवड्यांच्या आत खरेदीदाराने प्रस्तावाहून अधिक भावाने शेअर घेतले, तर ज्यांनी आधी कमी भावाला दिले त्यांनाही फरक द्यावा लागतो. हेच तत्त्व डिलिस्टिंगला, म्हणजे यादीतून नाव काढून घेण्याला, लावा आणि मुदत ५ वर्षे करा. नाव काढून घेतलेली कंपनी या मुदतीत पुन्हा बाजारात आली, किंवा तिचे नियंत्रण दुसऱ्याला विकले गेले, आणि भाव बाहेर पडतानाच्या किमतीहून अधिक निघाला, तर फरकाचा ठरावीक वाटा जुन्या भागधारकांना मिळावा. पहिल्या वर्षी मोठा, दरवर्षी कमी होत जाणारा, पाचव्या वर्षाअखेर शून्य. प्रवर्तकाने कंपनी खरोखर स्वतःसाठी घेतली असेल आणि सांभाळली असेल, तर त्याला दमडीही द्यावी लागणार नाही. लावलेले दार जास्त भावाने पुन्हा उघडणाऱ्यालाच ही तोशीस.

यावर पहिला आक्षेप येईल तो सट्टेबाजांचा, आणि तो खराही आहे. प्रस्तावाची कुणकुण लागली की काही मंडळी शेअर गोळा करतात, वाटेल तो भाव लावून बसतात आणि प्रवर्तकाला वेठीस धरतात. उलट बोलीची बदनामी यांनीच केली. केकी मिस्त्री यांच्या अध्यक्षतेखालील उपगटाच्या कामानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये आपली सल्लापत्रिका निघाली, तिच्यामागे ही चिंता होती. पण तिच्यावरचा उपाय म्हणून सगळ्यांचीच बोली ऐच्छिक करणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे. मी सुचवतो तो नंतरचा वाटा फक्त त्यांना द्यावा, ज्यांच्याकडे पहिल्या जाहीर घोषणेच्या आधी, समजा ६ महिने, शेअर होते. घोषणेनंतर धावत आलेल्याला त्यात काही नाही. डीमॅटमुळे कोणत्या तारखेला कोणाकडे किती शेअर होते याची नोंद एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन संस्थांकडे असतेच, आणि लाभांश ज्या खात्यांत जातो त्याच खात्यांत हा वाटाही जाऊ शकतो. लेखापालांचे काम थोडे वाढेल. वाढू द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नंतरची वाढ नव्या मालकाच्या कष्टाची आणि जोखमीची. जो बाहेर पडला त्याला त्यात हिस्सा का? शिवाय असे लचांड मागे लावले तर खरेदीदार आजच कमी भाव देईल, म्हणजे लहान भागधारकाचेच नुकसान. पहिल्या भागाचे उत्तर वाटा उतरता ठेवण्यात आहे. वर्षभरात दुप्पट झालेली किंमत कष्टाने झालेली असण्यापेक्षा आधीच दडलेली असण्याची शक्यता अधिक. चौथ्या वर्षीची वाढ बहुतांशी नव्या मालकाचीच धरावी. मध्ये त्याने नवे भांडवल घातले असेल तर तेही आधी वजा व्हावे. दुसऱ्या भागाबद्दल मला एवढे दिसते की, पटकन पुन्हा विकण्याच्या हिशेबाने येणारा खरेदीदार थोडा कमी भाव देईल हे खरे, पण किमान किमतीची मर्यादा त्याला तिच्याखाली जाऊ देणार नाही. ठरावीक किमतीचा मार्ग निवडणाऱ्यालाच ही अट लावली, तर प्रवर्तकापुढे निवडही राहते: भावाचा निकाल आज बोलीने लावून घ्या आणि मोकळे व्हा, किंवा आज सूत्राची किंमत द्या आणि ५ वर्षे हिशेबाला बांधील राहा. या दोहोंपैकी एकही अन्याय नाही.

तिसरे म्हणणे असे की ९० टक्क्यांची अट कायम आहे, ठरावाच्या वेळी जनतेच्या विरोधी मतांच्या दुप्पट मते बाजूने पडावी लागतात, भाव नको असेल तर देऊ नका, सक्ती कोणावर आहे? कागदावर कोणावरच नाही. पण आकडेमोड करून पाहा. प्रवर्तकाकडे ७५ टक्के असतील तर त्याला उरलेल्या २५ पैकी १५ हवे असतात, म्हणजे पाचातले तीन. हे तीन बहुधा फंडांकडे आणि विमा कंपन्यांकडे असतात; त्यांनी ठरवले की खेळ संपला. उरलेल्यांना नंतर वर्षभर त्याच किमतीला देण्याची मुभा असते हे चांगलेच, पण त्यानंतर मात्र त्यांच्या हाती न विकता येणारा शेअर उरतो. ही भीती आधीच ठाऊक असल्यामुळे माणूस भाव पटला म्हणून नव्हे, मागे राहू नये म्हणून देतो. मागे राहिलेल्यांचे काय होते याचे उदाहरण कॅडबरी इंडियाचे. २००१-०२ मध्ये ५०० रुपये देऊ केले गेले, कंपनी बाजारातून गेली, मग भांडवल कमी करून उरलेल्यांना बाहेर काढायचे ठरले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१४ मध्ये न्यायालयाने मान्य केलेला भाव होता २,०१४.५० रुपये. जे भांडले त्यांना मिळाले. पण दहा-बारा वर्षे वाट पाहण्याची ऐपत किती जणांकडे असते? पुण्याच्या सँडविक एशियाच्या प्रकरणात याच उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, अल्पमतातील भागधारकांना पैसे देऊन बाहेर काढणारी भांडवलकपात योग्य ठरवली होती. म्हणजे मागे राहिलात तर पुढे हे हत्यार आहेच.

सगळ्याच बाहेर पडण्याला माझी सूचना लागू होत नाही. आयसीआयसीआय सिक्युरिटीजचे शेअर मार्च २०२५ मध्ये गेले ते १०० ला बँकेचे ६७ शेअर या प्रमाणात; तिथे प्रमाणावरून वाद झाला, पण भागधारकाच्या हाती दुसरा बाजारात चालणारा शेअर आला, दार बदलले, बंद झाले नाही. दिवाळखोरी संहितेखाली डीएचएफएलसारख्या कंपनीचे शेअर शून्य होतात, तेव्हा कर्जदात्यांचाच पैसा बुडालेला असतो. त्याचा राग डिलिस्टिंगवर काढण्यात अर्थ नाही. आणि नियम न पाळल्याने ज्यांचे व्यवहार थांबवले जातात, मग नाव सक्तीने काढले जाते, त्यांचा आजार वेगळा आहे. त्यांच्या प्रवर्तकांनी मूल्यांककाने ठरवलेली किंमत द्यावी आणि १० वर्षे बाजाराबाहेर राहावे असे नियम सांगतो, पण जो सापडतच नाही तो देणार काय? पुण्याचा शेअर बाजार २०१५ मध्ये बंद झाला, तसे इतर प्रादेशिक बाजारही. तिथेच नोंद असलेल्या कंपन्या ‘डिसेमिनेशन बोर्ड’ नावाच्या फलकावर आल्या आणि त्यांतल्या अनेकांचे भागधारक अजून तिथेच ताटकळले आहेत. त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.

सोलापूरहून हे लिहिण्याला गिरणीच्या इतिहासाखेरीज आजचेही कारण आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली बालाजी अमाइन्स इथली, जानेवारी २०१६ मध्ये १८६ रुपयांनी शेअर विकून बाजारात आलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथली, आणि शंभरी ओलांडलेली जाम गिरणी नाव बदलून जामश्री रिअल्टी म्हणून यादीवर आहे. यांपैकी कोणी बाहेर पडणार आहे असे मी मुळीच सुचवत नाही. पण अशा शहरात कंपनीचा शेअर घेणारा माणूस तिचे फाटक रोज बघत असतो. भोंगा ऐकून घेतलेल्या शेअरला तो तिमाही निकाल वाचून घेतलेल्या शेअरपेक्षा जास्त चिकटून राहतो, आणि अशाच भागधारकाला बोली म्हणजे काय, मुदत कधी संपते, हे सर्वांत उशिरा कळते. १९५० साली त्याच्या बाजूने घटना उभी राहील की नाही हा प्रश्न होता. आता त्याच्या बाजूने आपली नियमावली आहे, म्हणून हे पत्र न्यायालयाऐवजी आपल्याकडे.

२०२४ चा ठरावीक किमतीचा मार्ग मागे घ्या असे मी म्हणत नाही. त्याला वर सांगितलेली ५ वर्षांच्या हिशेबाची अट जोडण्याबाबत मंडळाने सल्लापत्रिका काढावी, ती मराठीसह भारतीय भाषांतही काढावी, आणि अभिप्रायांसाठी नेहमीच्या तीन आठवड्यांहून अधिक अवधी द्यावा, एवढी विनंती आहे. सल्लापत्रिका निघाली, तर हे पत्रच तिच्यावरचा सोलापूरचा पहिला अभिप्राय म्हणून नोंदवून घ्यावे.

आपला,
सोलापूरचा एक भागधारक